गिऱ्हाईक

स्वयंपाकघराचं दार लोटून घेऊन ती ओट्यापाशी उभ्याउभ्याच कलिंगड कापत होती. सुरी जेमतेम टेकली आणि फळ कर्र करून आपणहूनच उलत गेलं. लगेच बाहेरच्या खोलीतून आवाज आला, "कलिंगड आणलंस?"

"भोपळा आहे," ती म्हणाली.

मग एकेक शब्द ओढत, "भोपळा असा वाजतो होय?"

तिने सुरी खाली ठेवली. चोरी पकडली गेली होती.

तिच्या नवऱ्याला सगळा बाजार मालक म्हणायचा. गिऱ्हाइकांचं ऐकून तीही थट्टेने म्हणायला लागली आणि ते तसंच राहिलं. हिवाळ्यात झटका आला तेव्हापासून मालकांची उजवी बाजू लुळी पडली होती, चेहऱ्यासकट. बोलणं हळूहळू परत आलं, गिळणं मात्र आलं नाही. दवाखान्यातून गिळायचे व्यायाम शिकवायला एक मुलगी यायची. मालकांच्या भाषेत घशाच्या बाई. तिने पहिल्याच दिवशी चित्र काढून समजावलं होतं की, अन्नाची वाट आणि श्वासाची वाट अगदी शेजारीशेजारी असतात. घास आला की श्वासाची वाट झाकली जाते, यांची जरा उशिरा झाकली जाते. दाट पदार्थ सावकाश उतरतो, म्हणून तेवढी उसंत मिळते. पाणी थांबत नाही. सगळ्यांत वाईट म्हणजे ज्यात दोन्ही असतं ते. चावायचा भाग तोंडात राहतो आणि रस पुढे पळतो. उदाहरण म्हणून तिने नेमकं कलिंगडाचंच नाव घेतलं. मालक अर्ध्या तोंडाने हसले होते. "माझंच दुकान सापडलं का तुम्हाला?"

मग एकदा चहाचे दोन घोट छातीत गेले. ताप, ऑक्सिजन, सगळं झालं. घरी सोडताना डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं की पुन्हा असं झालं, तर काही सांगता येणार नाही. तेव्हापासून मालकांना वाटून, गाळून, पावडरीने दाट करून जे देता येईल ते ती चमच्याने द्यायची. स्वतः मात्र दाराआड जेवायची, उभ्याने, घाईघाईत. कुरकुरीत काही घरात आणायचं तिने बंदच केलं होतं. आज उन्हाने जीव नकोसा झाला म्हणून तेवढं एक कलिंगड आणलं, तर ते असं बोंबललं.

ती बाहेर आली आणि म्हणाली की राहू दे, शेजारी देऊन टाकते. मालकांनी डाव्या हाताने टेबलावर थाप मारली.

"तू आत चोरून खातेस. नळ सोडतेस आणि तेवढ्यात चावतेस. मला काय बहिरं समजलीस?"

"मग काय करू? तुमच्यासमोर बसून खाऊ?"

"हो."

तिला वाटलं, चिडून म्हणताहेत. पण ते चिडले नव्हते. त्यांनी विचारलं, चीज आहे का? फ्रीजच्या तळाशी, भाजीच्या मागे लपवलेला खाऱ्या चीजचा डबा मग तिला कबूल करावा लागला. थोडी द्राक्षंही होती. मालकांनी तिच्याकडे असं पाहिलं, की ती पुदिना आणायला आपणहूनच उठली.

बाजाराच्या तोंडाशी त्यांचं दुकान होतं. आता तिथे कुणीतरी मोबाइलची कव्हरं विकतं. उन्हाळाभर तिथे एकच गोष्ट मिळायची, बर्फावर गार केलेली फळं आणि पांढरं खारं चीज. दोन्ही वेगवेगळ्या भांड्यांत असत. गिऱ्हाईक समोर उभं राहिल्याशिवाय मालक ती एकत्र करत नसत, कारण मीठ फळातलं पाणी ओढून घेतं आणि पाव तासात बशीत नुसता रस्सा होतो. मालक पुढे उभे राहून कापायचे. ती मागे, मोरीपाशी, बाजाराकडे पाठ करून बशा धुवायची.

आज सुरी तिच्या हातात होती आणि मालक खुर्चीतून सांगत होते. फोड एका घासाची हवी. बिया सुरीच्या टोकाने काढ, नखाने गर दुखावतो. चीज एकदा साध्या पाण्यातून काढून घे आणि हाताने मोड, सुरीने कापलेलं गुळगुळीत चीज रस धरत नाही. पुदिना फाड. मिरी आत्ताच दळ. तिला यातलं सगळं येत होतं. तरी प्रत्येक वेळी ती "बरं" म्हणाली. इतकं सलग बोलताना तिने त्यांना बऱ्याच महिन्यांत ऐकलं नव्हतं.

तिने सगळं हलक्या हाताने एकत्र केलं, लिंबू पिळलं, बशीत घेतलं आणि त्यांच्यासमोर बसली. काटा उचलवेना.

"खा," मालक म्हणाले.

तिने घास घेतला. मालक तिच्याकडे टक लावून बघत होते. त्या बघण्यात भूक असेल अशी तिची अटकळ होती. पण एखाद्याने तराजूच्या काट्याकडे बघावं तसे ते बघत होते.

"लिंबू कमी आहे."

लिंबू खरंच कमी होतं. तुम्हाला कसं कळलं, असं तिने विचारलं, तेव्हा अडखळत, मध्ये दम खात त्यांनी सांगितलं. दुकानात ते कधीच चव घेऊन बघत नसत. दुपारपर्यंत जीभ बोथट होते. ते माणसाचा पहिला घास बघायचे. लिंबू कमी असलं की माणूस चावताना काहीतरी शोधत असतो, नजर बाजूला जाते. मीठ जास्त झालं की ओठ आत ओढले जातात. आणि सगळं जमून आलं की क्षणभर त्याला समोरचं दिसेनासं होतं.

तिने लिंबू पिळलं. दुसरा घास घेतला. कलिंगडाचा गार रस, मागून चीजचा खारेपणा, मग पुदिना. क्षणभर तिला खोली दिसली नाही. दिसायला लागली तेव्हा मालक खुर्चीला टेकून बसले होते, काम उरकल्यासारखे.

"इतकी वर्षं," ते म्हणाले, "तुझा चेहरा बघायचा राहिलाच होता."

ती रात्री, दुकान बंद झाल्यावर, भांड्याच्या तळाशी उरलेलं खायची, रस्सा झालेलं. तेव्हा मालक गल्ला आवरत असायचे.

ती खात राहिली. मग तिला दिसलं की तिने गिळलं की मालकांच्या गळ्याची घाटीही वर जाऊन खाली येते. तोंडात काही नसताना. तिच्याबरोबर तेही गिळत होते.

तिने बशीतली सगळ्यांत लहान फोड निवडली. फडक्यात धरून दाबली, पुन्हा दाबली, फिकट चोथा उरेपर्यंत. काट्याला लावून ती त्यांच्या ओठांशी नेली.

"आता रस नाही यात. जिभेवर ठेवा फक्त, आणि टाका. मी कुणाला सांगणार नाही."

मालकांचं तोंड उघडलं. ते तिच्या तोंडाकडे बघत होते, फोडीकडे बघतच नव्हते. मग त्यांनी तोंड मिटलं.

"मालकानं गिऱ्हाइकाच्या बशीतलं खायचं नसतं."

"घ्या हो. एवढीशी तर आहे."

"हात बघ तुझा."

तिचा हात इतका थरथरत होता की काटा त्यांच्या हनुवटीला लागत होता. मालकांनी डाव्या हाताने तिचं मनगट धरलं आणि काटा सावकाश वळवून तिच्याकडे केला. "खा. बशी उष्टी परत आलेली मला चालत नाही."

तिने तो चोथा खाल्ला. त्याला कसलीच चव नव्हती. मग उरलेलं खायला घेतलं आणि डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, ते तिने पुसलंही नाही.

"मिरची तर घातली नव्हती आपण," मालक म्हणाले.

तिला एकदम हसू फुटलं आणि त्या हसण्यात रस भलतीकडे गेला. जोराचा ठसका लागला. ती खोकली, दोनतीनदा खाकरली आणि घसा मोकळा झाला. एवढंच. तिच्या घशाने ते विचारही न करता करून टाकलं होतं.

मालक घाबरून पुढे झुकले होते. तिच्या पाठीवर थोपटायला त्यांनी डावा हात टेबलावरून लांब केला होता, पण तो पोचत नव्हता. बोटं हवेतच थोपटल्यासारखी हलत होती.

तिने खुर्ची ओढली आणि त्यांच्या हाताखाली पाठ करून बसली. ठसका कधीच थांबला होता. ते थोपटत राहिले आणि ती वाकून बसून राहिली.