रिपोर्टात नसलेली गाठ

डेपोतले लोक तिला 'सावकाश' म्हणत. सिग्नल पिवळा झाला की बाकीचे ड्रायव्हर बस दामटत, ही ब्रेकवर पाय ठेवी. त्या नावाचा तिला कधी राग आला नाही.

गाठ लक्षात आली ती सीटबेल्टमुळे. पट्टा छातीवरून तिरका जायचा, तिथे काहीतरी अडायला लागलं. चाचपून पाहिलं तर कातडीखाली वाटाण्याएवढी गाठ.

पुढचं सगळं रीतसर झालं. मॅमोग्राफी झाली, सोनोग्राफी झाली. डॉक्टरीणबाईंनी दोन्ही रिपोर्ट नीट पाहिले आणि यात काहीच दिसत नाही म्हणाल्या. हाताला मात्र त्यांनाही ती लागली. काही गाठी अशाच असतात, तीन महिन्यांनी या, वाढली तर सुईने तपासू, तोवर डोक्यातून काढून टाका, असं त्यांनी सांगितलं.

नवऱ्याने सुटकेचा श्वास सोडला आणि सगळ्या नातेवाइकांना फोन केले. सासूबाईंनी तर तिला दोनदा विचारून खात्री करून घेतली, की गाठ आहे तरी काळजीचं काही नाही, असंच ना?

तिच्या डोक्यातून मात्र ती जाईना. सिग्नलला थांबली की हात छातीकडे. थांब्यावर दार उघडलं की हात छातीकडे. काही नाही तर मग हे आहे काय, याचं उत्तर कुणीच देत नव्हतं. एका दुपारी हात असाच छातीवर असताना समोर सायकलवाला आला आणि तिने ब्रेक उशिरा दाबला. उभी माणसं एकमेकांवर कोसळली. कुणाला लागलं नाही, सायकलवाला शिव्या घालत निघून गेला. पण बस डेपोत लावल्यावर ती सरळ मॅनेजरकडे गेली, झालं ते सांगितलं आणि सुट्टी मागून घरी बसली.

सासूबाई दोन दिवस तिच्याकडे नुसत्या बघत होत्या. तिसऱ्या दिवशी वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणाल्या, "तू उगीच जिवाला लावून घेतेस. मलाही आहे तशी, कधीची. तुझं काही नाही म्हटल्यावर माझाही जीव भांड्यात पडला."

हातातली चादर तिने खाली ठेवली. "आई, दाखवा मला."

सासूबाई आधी लाजल्या, मग भिंतीकडे तोंड करून त्यांनी ब्लाउजचे हुक काढले आणि वळल्या. गादीला टाका घातल्यावर कापड आत ओढलं जावं, तशी एका जागी कातडी आत गेली होती. तिने बोट टेकवलं. तिची स्वतःची गाठ बोटाखाली सरकायची. ही दगडासारखी होती, जागची हलेना.

"दुखते?"

"छे. दुखली असती तर सांगितलं नसतं का?"

उद्याच डॉक्टरांकडे जाऊ म्हटल्यावर सासूबाई पटकन तयार झाल्या. त्याच बाईंकडे जाऊ, म्हणाल्या, त्या नीट सांगतात. नवऱ्याला फोन केला तर तुझं पुन्हा सुरू झालं का, म्हणून तो वैतागला. "माझं नाही, आईंचं," ती म्हणाली. उद्या किती वाजता निघायचं, त्याने विचारलं.

डॉक्टरीणबाईंचा हात त्या जागी गेला आणि थांबला. मग त्यांनी काखेत चाचपलं. सुईची तपासणी त्याच दिवशी झाली. रिपोर्ट आला तेव्हा सासूबाईंनी तो नीट ऐकून घेतला. रोग काखेपर्यंत गेला होता. तिचा नवरा रडायला लागला, तेव्हा त्याच्या पाठीवरून हात फिरवत त्याच बसून राहिल्या.

उपचारांची धावपळ सुरू झाली. फाईल, रांगा, रक्ताच्या तपासण्या. या सगळ्यात आपला हात कितीतरी दिवसांत छातीकडे गेला नाही, हे तिला एका सकाळी आंघोळ करताना जाणवलं. तिने बोट टेकवलं. गाठ होती तिथेच होती. पण आता ती सरकेना. की तिलाच तसं वाटत होतं?

केस न पुसताच ती सासूबाईंच्या खोलीत गेली. त्या खाटेवर टेकून बसल्या होत्या.

"आई, जरा हात लावून बघता?"

सासूबाईंनी बघितलं. बराच वेळ त्यांची बोटं तिथून हलली नाहीत.

"आज दवाखान्यात जातोच आहोत," त्या म्हणाल्या, "तर तूही माझ्याबरोबर आत ये."