नऊ वेळा शुकर

"गेल्या पंधरा दिवसांत उदास वाटलं का? अजिबात नाही, कधी कधी, बरेचदा की रोज?"

"शुकर," तांडेलचाचा म्हणाले.

"चाचा, शुकर नको. चारातलं एक सांगा."

"अल्लाचा शुकर हाय, सिस्टर."

मी मनातल्या मनात कपाळावर हात मारून घेतला आणि शून्याला गोल केला. बाहेर रिक्षा थांबवून ठेवली होती, अजून तीन घरं बाकी होती आणि मिरकरवाड्याच्या त्या बोळात मासळीच्या वासाने माझं डोकं उठलं होतं.

दोन हजार सहा साल. आमच्या केंद्राचं काम सोपं होतं. ज्या कॅन्सरच्या पेशंटांपुढे मुंबईच्या डॉक्टरांनी हात टेकले, त्यांच्या घरी जायचं, जखम धुवायची, दुखण्याच्या गोळ्या द्यायच्या. त्यात त्या वर्षी वरून हा फॉर्म आला, मेला. पेशंट मनाने खचलाय का, ते नऊ प्रश्नांत ओळखायचं. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. बेरीज दहा झाली की डॉक्टर मनाच्या गोळ्या सुरू करणार. मी वीस वर्षं नर्स, माणसाचं तोंड बघून ताप सांगणारी गोदा सिस्टर, आणि मला आता कागद सांगणार होता कोण दुःखी आहे ते!

चाचा, म्हणजे गुलाम रसूल, तीस वर्षं ट्रॉलरवर तांडेल होते, बोट त्यांच्या शब्दावर चालायची. आता कॅन्सरने अर्धा जबडा खाल्ला होता, नाकात नळी, बोलणं कुजबुजीएवढं. झोप? शुकर. भूक? शुकर. नळीतून पेज घेणाऱ्या माणसाला मी भूक विचारली आणि त्याने देवाचे आभार मानले. नववा प्रश्न होता, जीव नकोसा वाटतो का. तेव्हा मात्र त्यांनी कानाच्या पाळ्यांना हात लावला. "तोबा, तोबा."

बेरीज शून्य. डॉक्टर खूश झाले. "बघा, श्रद्धेत केवढी ताकद असते," म्हणाले, आणि तो फॉर्म बैठकीत सगळ्यांना दाखवला. मीही मान डोलावली.

पुढच्या खेपेला त्यांची बायको फरीदा मला दाराबाहेरच अडवून उभी राहिली. पदर तोंडात धरलेला.

"सिस्टर, जिब्रानचे अब्बा आता बोटी इचारत नाय."

"म्हणजे?"

"रोज सांजचा इचारायचे, आज किती बोटी आल्या? कोणाची दर्यात रवली? आजारातपन इचारायचे. आज आठ दिस झाले, नाय इचारला. जाळ्याची सुई होती उशाला, ती पन बोल्ले, देऊन टाक कोनाला. काल कुवेतवरनं जिब्रानचा फोन आला, तर तोंड भिंतीकडं केलानी. पोरगा तकडं रडतोय. ईस दिसांनी येतोय तो रजेवर. तवर तरी मानूस मानसात ऱ्हायला पायजे ना? डाक्टरांना सांगून ती मनाची गोळी द्या."

मी पिशवीतून फॉर्म काढला आणि आत जाऊन पुन्हा विचारलं. शुकर, शुकर, शुकर, तोबा. फरीदा उंबऱ्यावर उभी राहून ऐकत होती.

"बघा भाभी, शून्य. यावर गोळी मिळत नाही."

"अवो, ते शुकरच बोलनार! घराला आग लागली तरी शुकरच बोलनार. अल्लाची तक्रार करतील काय?"

"मग बोटींचा प्रश्न फॉर्मात नाही, त्याला मी काय करू?"

"तुमीच टाका ना दोन-दोन. तुमाना समजता ना सगळा."

समजत होतं. आमच्या आईच्या पोटात गाठ होती, तेव्हा शेजारीण 'कसं काय' विचारायची आणि आई म्हणायची, बरं आहे. मरायच्या दिवशीसुद्धा बरं आहे. ते मला तिथे, त्या उंबऱ्यापाशी, लख्ख आठवलं. तरी उन्हाचा, रिक्षाचा, सगळा राग मी त्या बाईवर काढला.

"मी खोटं लिहीत नाही, भाभी. वीस वर्षांत नाही लिहिलं."

डॉक्टर गुरुवारी केंद्रात होते. तोंडी एक वाक्य सांगायचं होतं. फॉर्मात नसलेलं सांगितलं तर ते हसतील असं वाटलं, आणि मी गप्प बसले.

त्या भेटीनंतर नवव्या दिवशी तांडेलचाचांनी नळी स्वतःच्या हाताने उपसून काढली. परत घालू देईनात. फरीदा चमचा-चमचा पाणी घालायची, ते ओठ मिटून घ्यायचे. मी गेले तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मी काही विचारायच्या आधीच पुटपुटले, "शुकर." चार दिवसांनी चाचा वारले. जिब्रान त्यानंतर सातव्या दिवशी आला. आला तो तसाच बॅग घेऊन कबरस्तानात गेला.

डॉक्टरांनी मला बोलावलं. "गोदाबाई, घरच्यांनी कधी काही बोलून दाखवलं होतं?"

"नाही सर," मी म्हणाले. "स्कोअर शून्यच होता."

एवढं सराईतपणे बोलले की माझी मलाच भीती वाटली.

दीड महिन्याने दुसरा फॉर्म आला. पेशंट गेल्यावर घरच्यांची विचारपूस करायची. प्रश्न तेच नऊ. मी मुद्दाम त्यांच्याकडे शेवटी गेले, रिक्षा सोडून दिली. मनाशी ठरवलं होतं, बाईने काहीही सांगू दे, आपण दोन-दोन टाकायचे आणि गोळी आणून द्यायची.

फरीदा नवरा गेल्यानंतरच्या इद्दतीत होती, घराबाहेर पडायची नाही. आतल्या खोलीत बसली होती, निम्मी उरली होती. कोपऱ्यात ताट झाकलेलं, त्यावर मुंग्या. तिने मला बसायला पाट दिला.

"भाभी, कशा आहात?"

"शुकर," ती म्हणाली.

माझा हात थांबला. उदास वाटतं का? शुकर. झोप? शुकर. जेवण? शुकर. एकेका शब्दाला ती माझ्या डोळ्यांत बघत होती. मी नववा प्रश्न गाळून कागद मिटायला लागले.

"त्यो बी इचारा."

"राहू दे, भाभी."

"इचारा."

"जीव नकोसा वाटतो का?"

चाचांनी इथे तोबा केली होती. ती कानाला हात लावील म्हणून मी वाट बघितली.

"शुकर," ती म्हणाली.

मी पहिल्या प्रश्नापुढच्या दोनाच्या आकड्यावर पेन टेकवलं. तिने पुढे होऊन माझं मनगट धरलं. हात नुसता हाडांचा होता.

"खोटा लिवू नका, सिस्टर. तुमी खोटा लिवत नाय ना?"

मग तिने हात सोडला आणि मी नवव्या शून्याला गोल करेपर्यंत ती कागदाकडे बघत बसली.