दर्शनी फळी

“लोकशाही हे भरलेलं दुकान आहे आणि जनता त्याची मालकीण!” आमच्या आमदारांनी सभागृहात गर्जना केली. माईक बंद होता. तरी शेजारचे दोन सदस्य दचकून जागे झाले आणि सवयीने बाक वाजवू लागले.

आमदार मूळचे चौकातल्या मोठ्या दुकानाचे मॅनेजर. गाव अजून त्यांना मॅनेजरच म्हणतं. माल संपत आला की उरलेले डबे फळीच्या कडेला ओढायचे, लेबलं गिऱ्हाइकाकडे करायची, ही त्यांची हातोटी. मागे सगळा ठणठणाट, पण पुढून दुकान भरलेलं. पक्षाच्या लोकांनी ते दुकान पुढूनच पाहिलं आणि तिकीट दिलं. तेव्हापासून माणूस पडलेला नाही.

गावचं रुग्णालयही त्यांनी तसंच लावलं. नव्या खाटा दारासमोर, प्राणवायूचं यंत्र त्याच्याही पुढे, आणि दर्शनी खिडकीवर स्वतःचा हसरा फ्लेक्स.

परवा दुपारी वहिनींना, म्हणजे त्यांच्या बायकोला, धाप लागली. मॅनेजरांनी त्यांना उचलूनच आणलं. सिस्टरने पहिल्या खाटेवर निजवलं. डॉक्टर कुठे, तर ते उद्घाटनापुरते आले होते. मॅनेजरांनी यंत्राकडे बोट केलं.

“ते चालत नाही, साहेब. नुसती पेटी आहे, आत यंत्रच नाही.”

“मग मागून दुसरं आणा.”

“मागे काही नाही, साहेब. होतं ते सगळं तुम्हीच पुढे घ्यायला सांगितलं होतं.”

त्यांनी स्वतः जाऊन मागचं दार उघडलं. आत एक झाडू आणि उद्घाटनाच्या उरलेल्या फितींचं भेंडोळं. मग मंत्र्यांना फोन लावला. विषय गंभीर आहे, येत्या अधिवेशनात नक्की घेऊ, असं मंत्री आपुलकीने म्हणाले. शहरातून रुग्णवाहिका निघाली होती, पण मधला पूल साहेबांच्याच आणखी एका उद्घाटनासाठी थांबला होता, म्हणून ती वळसा घालून येत होती.

आयुष्यभर आश्वासनं दिलेला माणूस बायकोचा हात धरून बसला. शेवटी म्हणाले, “गाडी येतेच आहे हं.” हे वाक्य त्यांनी मतदारांना इतक्या वेळा ऐकवलं होतं, की त्यांचं त्यांनाच पटेना.

वहिनींनी डोळे उघडले. एकेक शब्द ओढत म्हणाल्या,

“अहो... खिडकीवरचा तो तुमचा फ्लेक्स तेवढा काढा. वारा तरी येईल.”