तिसऱ्या पानावरची फुली

मुलांनो, वर्तमानपत्राचं एक कोरं पान डोळ्यांसमोर आणा. तुम्हाला वाटेल, त्यावर आधी बातम्या बसतात. तसं नसतं. आधी जाहिरातींच्या चौकटी आखतात आणि प्रत्येक चौकटीत पेन्सिलीनं फुली मारतात. उरेल ती जागा बातम्यांची.

आपल्या गोष्टीतल्या टिटवीचे बाबा या चौकटी आखायचे. ते जाहिरात विभागाचे व्यवस्थापक होते. कचेरीत त्यांना सगळे चौकटराव म्हणत. आणि टिटवीला टिटवी का म्हणत? सारखी प्रश्न विचारायची म्हणून.

एका रविवारी ती बाबांच्या खोलीत चित्र रंगवत बसली होती. खोलीला खिडकी नव्हती. बातमीदार मावशी घाईघाईनं आत आली.

"चौकटराव, तिसऱ्या पानावर दोन कॉलम ठेवा. शाळेच्या तीन नंबरच्या बसचे ब्रेक नीट लागत नाहीत. मेकॅनिकनं लिहून दिलंय, तरी उद्या गाडी काढणार आहेत."

"तीन नंबर माझीच आहे," टिटवी म्हणाली.

बाबांनी लगेच दोन कॉलमची चौकट आखली आणि ती कोरी ठेवली. तेवढ्यात बसवाल्या शेठचा फोन आला. त्याला उद्याचं तिसरं पान अख्खं हवं होतं. त्यापाठोपाठ वर्तमानपत्राच्या मालकांचा.

"द्या त्याला. वर्षभराचं गिऱ्हाईक आहे."

"साहेब, मग बातमी?"

"दुसऱ्या एखाद्या पानावर जागा असेल तर बघा."

बाबांनी बाकीची सगळी पानं चाळली. फुल्याच फुल्या. एक इंचही रिकामा नव्हता. आठवडाभर खपून त्यांनीच ती पानं विकली होती आणि कालच मालकांनी त्यासाठी त्यांची पाठ थोपटली होती.

"नाही साहेब, जागा नाही," ते म्हणाले.

"मग परवा छापू. आणि चौकटराव, तुमच्या खुर्चीवर बसायला बाहेर रांग आहे, बरं का."

मावशी निघून गेली. तिनं आणलेली मेकॅनिकची चिठ्ठी टेबलावरच राहिली. बाबांनी नवा कागद घेतला आणि या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत एकच मोठी फुली मारली. जुना कागद टोपलीत गेला.

"उद्या मी बसमध्ये बसू?"

"नको. मी सोडतो तुला."

"आणि बाकीची मुलं?"

बाबांनी पेन्सिलीला टोक काढायला घेतलं. टोक आधीच चांगलं होतं.

टिटवीनं टोपलीतला कागद काढून मांडीवर सरळ केला. दोन कॉलमची चौकट अजून कोरी होती. ती चिठ्ठी बघून तिनं आपल्या वळणदार अक्षरात त्यात लिहायला सुरुवात केली. बाबांनी पाहिलं. दाराकडे पाहिलं. मग टोक काढलेली पेन्सिल हळूच तिच्याकडे सरकवली.

सकाळी त्यांनी तिला शाळेत सोडायला स्कूटर काढली.

"आधी थांब्यावर," टिटवी म्हणाली.

तीन नंबरची बस येऊन उभी होती. एक आई धाकट्याला पायरीवर चढवत होती. टिटवी खाली उतरली, दप्तरातून घडी केलेला कागद काढला आणि त्या आईच्या हातात दिला.