मुद्दाम चुकवलेली उत्तरं

वेंडेल प्रुइटने पोराला जो मंत्र दिला तो अमेरिकन फुटबॉलच्या धंद्यातला जुना आणि सगळ्यात नालायक मंत्र होता. उन्हाळ्यात, हंगाम सुरू व्हायच्या आधी, डॉक्टर प्रत्येक खेळाडूला कॉम्प्युटरसमोर बसवून डोक्याची परीक्षा घेतात. शब्द लक्षात ठेवा, आकडे उलटे म्हणा. पुढे डोक्याला मार बसला की तीच परीक्षा पुन्हा. गुण घसरले तर माणूस बाहेर.

"म्हणून आधीच ढ व्हायचं," वेंडेलने शिकवलं होतं. "उन्हाळ्यात अर्धी उत्तरं मुद्दाम चुकव. घसरायला जागाच ठेवू नकोस."

"मुद्दाम कशाला, म्हाताऱ्या?" कोरी मॅबरी हसला होता. "शाळेत मी तेच करायचो."

कोरी पहिल्याच वर्षाचा लाइनबॅकर, वेंडेल त्याच जागेवर दहा वर्षं घासलेला. काम एकच: चेंडू घेऊन धावत येणाऱ्याला अंगावर घेऊन आडवं करायचं. हाड वाजलं की लोक तिकिटाचे पैसे वसूल झाले म्हणून उभे राहून टाळ्या पिटतात.

रविवारी कोरीने एकाला असं आडवं केलं की स्टेडियम हाललं. उठला तो मात्र समोरच्या संघाच्या घोळक्यात जाऊन उभा राहिला. वेंडेलनेच त्याला दंडाला धरून ओढून आणलं आणि सगळं हसण्यावारी नेलं. बुधवारी परीक्षा झाली. गुण उन्हाळ्याइतकेच. संघाचे डॉक्टर हॅल्पर्न यांनी जिन्यात वेंडेलला विचारलं, "पोरगा बरा वाटतो ना?"

"बरा आहे," वेंडेल बोलून गेला आणि तेव्हापासून त्याला अन्न गोड लागेना. खरं सांगावं तर स्वतःचंही सांगावं लागणार. इतकी वर्षं तोही असाच ढ होत आला होता.

शुक्रवारी सराव संपल्यावर तो कोरीच्या घरी गेला. कोरीची आई, जिला सगळे मिस लोरेटा म्हणत, मासे तळत होती. कोरी भरदुपारी आतल्या खोलीत पडदे ओढून पडला होता.

"दार अडवून काय उभा राहिलास, लेकरा? आत ये."

"मिस लोरेटा, परवा त्याला खेळू देऊ नका."

"मी कोण अडवणारी? डॉक्टरने पास केलंय."

"त्या पास होण्यात काही अर्थ नाही. माझ्यामुळे झालंय ते."

त्याने सगळं सांगितलं. ती ओरडेल, झारा फेकून मारेल असं त्याला वाटलं. खरं तर त्याला तेच हवं होतं. ती मासा उलटत राहिली.

"काल ताट घासत होता," ती म्हणाली. "एकच ताट, पुन्हा पुन्हा. मला वाटलं, कुणाच्या प्रेमात पडलाय."

कोरी डोळ्यांवर हात धरून बाहेर आला. त्याने ऐकलं होतं. "विकलंस मला? तुझं घर झालं, नाव झालं. मला एक हंगामही पुरा करू देत नाहीस?"

"मीच चुकीचं शिकवलं, कोरी."

"मग हे शहाणपण आत्ताच कुठून सुचलं?"

रविवारी टाळ्या पडल्या तेव्हा 'पोरगं माझ्या हाताखालचं' म्हणून वेंडेल सगळ्यांपुढे मिरवला होता. हे कुठल्या तोंडाने सांगणार?

मिस लोरेटाने गॅस बंद केला, हात पुसले आणि फोन लावला. "डॉक्टर हॅल्पर्न? कोरीची आई बोलतेय. थांबा जरा." फोन तिने वेंडेलपुढे धरला. "मला सांगून मोकळा होऊ नकोस. जिथे सांगायचं तिथे सांग."

"आई, ठेव तो. याचंही संपेल, कळतंय का तुला?"

"त्याला कळतंय," ती म्हणाली.

वेंडेलने फोन घेतला. "डॉक्टर, कोरीचे उन्हाळ्यातले गुण खोटे आहेत. मीच शिकवलं त्याला."

पलीकडून डॉक्टरांनी विचारलं, "आणि तुझे?"

कोरी भिंतीला टेकून त्याच्याकडे बघत होता. त्या नजरेत माफी शोधायची वेंडेलला हिंमत झाली नाही.

"माझेही," तो म्हणाला. "सगळ्या वर्षांचे."