दोन फुटांचा दांडा

"लांब आहे," इर्मा म्हणाली.

आर्विड दुकानातल्या स्टुलावर कयाकमध्ये, त्या एकट्याच्या अरुंद होडीत, बसल्यासारखा पाय पसरून बसला होता. डाव्या हातात नसलेली गळाची काठी, उजव्या हातात पाच फुटी दांड्याचं नवंकोरं जाळं. जाळं खाली न्यायला गेला तशी दांड्याची मागची बाजू आमिषांच्या फळीवर आदळली आणि चार-पाच पाकिटं जमिनीवर पडली.

"लांब," ती पुन्हा म्हणाली.

दुकानदार डेल पाकिटं उचलत हसला. "त्यांचं ऐक रे. तीस वर्षं तू नुसतं रीळ फिरवलंस. मासा होडीत कोण घ्यायचं?"

"तेच तर. मला कुठे सवय आहे?"

डेलचं खरं होतं. नेहालेमच्या खाडीत सप्टेंबर लागला की नवरा-बायको दर शनिवारी होडी घेऊन निघत. गळ आर्विडचा, जाळं इर्माचं. तिने स्वतः कधी गळ टाकला नाही, टाकावासाही वाटला नाही. सॅमन दमून कुशीवर वळला की ती जाळं त्याच्या डोक्यापुढे पाण्यात सोडायची, आणि आर्विडने "आता!" म्हणायच्या आत मासा पिशवीत असायचा. आठवड्याचे पाच दिवस ती शाळेच्या स्वयंपाकघरात मुलांना जेवण वाढायची. सव्वीस वर्षं वाढलं.

गेल्या फेब्रुवारीत वाढता वाढता तिच्या हातातला डाव सुटला. ती वाकून उचलायला गेली आणि उठलीच नाही. तेव्हापासून उजवा हात कुणीतरी विसरून गेल्यासारखा तिच्या मांडीवर पडलेला असे. पाय ओढत चालता येई. बोलणं एकेका शब्दाने परत आलं, पण सगळं आलं नाही. वसंतात होडी विकली. इर्माला तीत चढता येईना, त्याला एकट्याला ती पाण्यात लोटता येईना. होडी गेली त्या दिवशी इर्मा खिडकीशी उभी राहून वाईट वाटायची वाट बघत होती. बराच वेळ वाट बघितली. मग अंडी उकडायला ठेवली.

पुतण्याने त्याची जुनी कयाक आर्विडला दिली तेव्हाही तिला काही वाटलं नाही.

"मग हे घेऊ?" आर्विडने आखूड दांड्याचं एक छोटं जाळं उचललं.

इर्माने डावा हात लांब करून दाखवला, बोटांपासून पार खांद्यापर्यंत. "मासा एवढा. शेपूट बाहेर. उडी मारेल."

"मग काय घेऊ बाई, तूच सांग."

तिने खुंटीवरची काळी रबरी पिशवी दाखवली. तोंडाला कडं नाही, दांडा नाही, नुसती पिशवी. दोऱ्याच्या जाळ्यात गळ अडकतात आणि सोडवायला दोन हात लागतात. रबरात अडकत नाहीत.

"फक्त हे," ती म्हणाली. "कडं घरी आहे."

आर्विडचा चेहरा पडला. घरी येईपर्यंत तो हवेबद्दल बोलला, रस्त्याच्या कामाबद्दल बोलला, आणि गाडी दारात उभी केल्यावर म्हणाला, "तुझ्या जाळ्याला मी हात लावणार नाही."

"मला नको."

"नको म्हणजे?"

"नको म्हणजे नको."

जाळं गॅरेजच्या भिंतीवर होतं. तिचे हात जिथे असत तिथे, दांड्यावर दोन जागी, रंग उडून पांढरा धातू दिसत होता. इर्माने पेन्सिलीने कड्यापासून दोन फुटांवर खूण केली. एक पांढरी जागा खुणेच्या अलीकडे राहिली, एक पलीकडे गेली. मग तिने लोखंड कापायची करवत डाव्या हातात घेतली.

"मी कापतो."

"वाकडं कापशील. धर."

त्याने दांडा धरला. करवत दोनदा घसरली, तिसऱ्यांदा बसली. कर्र कर्र आवाज बराच वेळ चालला, मधे ती थांबून दम घेई. शेवटी तुकडा फरशीवर पडून गडगडत टेबलाखाली गेला. आर्विड तिच्या तोंडाकडे बघत राहिला. ती आता रडेल असं त्याला वाटत असावं. इर्मा कापलेली कड बघत होती. तिला कानस लागणार होती.

दुपारभर काम चाललं. आर्विडने जुनी जाळी सोडून रबरी पिशवी कड्यात ओवली. दांडा पाण्यात पडला तर तरंगावा म्हणून त्यावर पाइपाला लावायचा फोम चढवला, टोकाला दोरी बांधली. दुसरं टोक कयाकच्या बैठकीला अडकवता येणार होतं. मग अंगणात टब भरून इर्माने त्यात बटाट्यांचं पोतं सोडायला लावलं.

"घे. एका हाताने."

त्याने जाळं पोत्याखाली घालून वर ओढलं. मनगट वळलं, पोतं पाण्यात, अर्धं पाणी त्याच्या बुटात.

"उचलू नकोस."

"मग काय करू, विनवण्या करू बटाट्यांच्या?"

इर्मा खुर्ची ओढून बसली. तिने डाव्या हाताने जाळं पाण्यात सरकवलं, पोतं आत आलं तसं कडं टबाच्या भिंतीला दाबलं. पिशवीचं तोंड बंद झालं. दांडा काखेत धरला, हात मोकळा केला, कडं पकडलं आणि नुसतं आपल्याकडे सरकवलं. पोतं तिच्या मांडीवर आलं.

"एका हाताला भिंत लागते," ती म्हणाली. फेब्रुवारीपासून ती एका दमात इतकं बोलली नव्हती.

"हे कुठे शिकलीस?"

"शर्ट घालताना."

आर्विडने पोतं उचलून परत टबात सोडलं.

"पुन्हा," ती म्हणाली. त्याने वीस वेळा केलं. बाराव्या वेळी तो वैतागून म्हणाला, "शाळेतली मुलं तुला इतकीच घाबरायची का?"

"जास्त."

शनिवारी ती धक्क्यावर गाडीत बसून राहिली, काच खाली करून. दहाच्या सुमाराला भरतीचं पाणी आत यायला लागलं आणि लांबवर आर्विडची काठी वाकली. माशाने कयाक खेचत नेली. आसपासच्या होड्यांनी आपले गळ आवरून वाट दिली. इर्माच्या डाव्या हाताने दाराची मूठ धरली होती.

"अजून नाही," ती काचेबाहेर म्हणाली. "अजून नाही."

मासा वर आला, कुशीवर वळला.

"आता."

आर्विडला उशीर झाला. मासा पुन्हा खाली गेला. आणखी दहा मिनिटं गेली. दुसऱ्या वेळी त्याने काठी मागे उंच नेली, जाळं माशाच्या डोक्यापुढे घातलं, कडं कयाकच्या अंगाला दाबलं आणि तिथेच थांबला. मग दांडा काखेत, हात कड्यावर, आणि मासा त्याच्या पायांमधे. कुठल्याशा होडीतून कुणी शीळ घातली. इर्माने मूठ सोडली. आपल्याला आनंद झाला असावा, असं तिला वाटलं.

मासा साफ करायच्या टेबलाशी वजन झालं, अठरा पौंड. लाल टोपीचा एक माणूस आपली कयाक शेजारी लावून बघायला आला. या वर्षीच गावात राहायला आला होता.

"एकट्याने काढलात?"

"एकट्याने!" आर्विडचा आवाज चढला होता. "पहिल्यांदा मी घाई केली. मग मी त्याला पुरता दमू दिला. मग मी कडं टेकवलं..."

तीस वर्षं प्रत्येक माशाची गोष्ट 'आम्ही'ने सुरू व्हायची. इर्मा टेबलाला टेकून ऐकत होती. तो खोटं काहीच सांगत नव्हता, आणि सांगत चांगलं होता.

"जाळं झकास आहे," लाल टोपीवाला म्हणाला. "कुठे मिळालं?"

आर्विड थांबला. त्याने इर्माकडे बघितलं.

"मिळत नाही," इर्मा म्हणाली.

माणूस हसला. "तुम्हीपण जाता वाटतं मासे धरायला?"

आर्विडने उत्तर द्यायला तोंड उघडलं. गेले सात महिने तो तिच्या वतीने उत्तरं देत होता.

"जायचे," ती त्याच्या आधी म्हणाली.

मग कयाक गाडीवर चढवायची होती. त्या कामाला दोन माणसं लागतात. आर्विडने पुढचं टोक धरलं आणि सवयीने मागे वळून पाहिलं, तोवर लाल टोपीवाल्याने मागचं टोक उचललंही होतं. इर्मा गाडीकडे गेली. आधी बसली, मग डाव्या हाताने उजवा पाय उचलून आत घेतला, दार लावलं.

बाजूच्या आरशात तिला ते येताना दिसले. कयाक दोघांच्या डोक्यावर उलटी, त्यामुळे नुसते पाय दिसत होते. दोघांचे बूट एकाच प्रकारचे, दोघे एकाच चालीने खडीवरून येत होते. त्यातला आर्विड कोणता, हे तिला ओळखता येईना. तिने थोडा वेळ बघितलं, मग काच वर केली.