कडक गादीचा तोरा

मित्रांनो, मी एक जुनी गादी आहे. हल्ली खिडकीखाली जमिनीवर पडलेली असते, पण माझा तोरा काही उतरलेला नाही. मी बाळाच्या पलंगातली गादी होते, आणि माझ्याइतकी कडक गादी अख्ख्या दुकानात दुसरी नव्हती.

मला घडवणारा कारागीर मोठा हट्टी. काथ्याचे थर दाबून दाबून त्याने मला सपाट केलं, वर घट्ट खोळ चढवली आणि थाप मारून म्हणाला, "दबायचं नाही कुणापुढे!" ते मी मनावर घेतलं.

दुकानात मात्र मला कोणी विचारीना. गिऱ्हाईक यायचं, बोटाने दाबून बघायचं, नाक मुरडायचं आणि शेजारच्या गुबगुबीत गादीकडे वळायचं. "गादी आहे की फळी?" असंही कोणी म्हणालं. फार लागलं ते मला. मग एकदा दिवस भरत आलेली एक बाई आली. तिने माझ्यावर मूठ रोवली आणि उचलली. खूणसुद्धा उमटली नाही. "हीच द्या," ती म्हणाली. गुबगुबीत बाईसाहेबांचं तोंड तेव्हा बघण्यासारखं झालं होतं!

तिच्या घरी आईबाबांच्या पलंगाला लागूनच माझा छोटा पलंग होता. त्यात मी, माझ्यावर ताणून बसवलेली चादर आणि उताणी झोपलेली त्यांची तान्ही लेक, चिमी. बस, आणखी काही नाही.

थोड्याच दिवसांत चिमीची आत्या मदतीला आली. भाचीसाठी तिने स्वतः शिवलेली मऊ दुलई आणली होती. मला बघताच तिचा पारा चढला.

"अगं, पोरीला फळीवर काय झोपवता? उशी नाही, पांघरूण नाही!"

"ताई, डॉक्टरीणबाईंनीच सांगितलंय," चिमीची आई म्हणाली. "बाळ पाठीवर, गादी कडक आणि पलंगात मऊ काही नको. तोंड रुतलं तर तिला मान फिरवता येणार नाही, श्वास कोंडेल."

"आम्ही काय मुलं वाढवली नाहीत?" आत्या फणकारली.

दुसऱ्या दिवशी आई बाहेरच्या खोलीत चिमीला पाजत होती. ती संधी साधून आत्याने दुलईची घडी माझ्यावर अंथरली. आता चिमीला इथे ठेवतील, आणि मला तर ओरडताही येत नाही!

दुलईवरून हात फिरवता फिरवता आत्या थबकली. तिने दाराकडे पाहिलं, खाली वाकली आणि दुलईत स्वतःचंच तोंड खुपसलं. क्षणभर तशीच राहिली. मग धापा टाकत, लालबुंद होऊन वर आली. तिने दुलई उचलून नेली.

"ताई, दुलई दिसत नाही ती?" नंतर आईने विचारलं.

"धुवायला टाकलीय," आत्या म्हणाली.

खरं काय ते मलाच ठाऊक. तेव्हापासून आत्याच माझी राखणदार झाली. शेजारणीने कापडी ससा पलंगात ठेवला, तर आत्याने त्याला कान धरून बाहेर काढलं. "जागी झाली की खेळेल!" दुलईही वाया गेली नाही. चिमी जागी असली की तिच्यावर लोळायची, आणि आत्या समोर बसून असायची.

चिमी मोठी झाली. मी कपाटावर धूळ खात पडले. वय झालं, मधे खोलगट झाले. मग घरात दुसरं बाळ येणार असं कळलं आणि चिमीने घोषणा केली, "माझीच गादी बाळाला!" मला खाली काढलं तेव्हा मी हरखले. पण आतून धास्तावलेही. मायेपोटी या लोकांनी खरंच मला पलंगात घातलं तर?

आत्या आली. तिने मूठ रोवली, उचलली. खळगा तसाच राहिला.

"ही नको," ती म्हणाली.

चिमीचे डोळे भरले. "तूच म्हणतेस ना, ही सगळ्यात चांगली?"

"आहेच मुळी. हिने तुला जपलं. पण आता ही दबते, बाळाला चालणार नाही. दुकानात जाऊ आणि सांगू, अगदी हिच्यासारखी द्या."

हिच्यासारखी! मित्रांनो, याहून मोठं कौतुक मला नको.

आता चिमी माझ्यावर बसून चित्रं काढते. तुमच्या घरी बाळ आलं, तर त्याला पाठीवर झोपवायची मोठ्यांना आठवण करा, पलंगातल्या उशा आणि ससे बाहेर काढायला लावा. गादीवर मूठ रोवून बघा. खळगा राहिला तर तिला खुशाल बाहेर काढा, ती माझ्यासारखी लाडकी असली तरी. ती रुसणार नाही, मी सांगते ना.